तक्रारीचा रकाना

३ जून १९५७, सोमवार

डॉ. प्रुइट यांनी आज मला बसायला सांगितलं. एरवी ते बोलतात तेव्हा मी दाराशी उभी असते. त्यामुळे खुर्ची पुढे सरकवली तेव्हाच कळलं की माझ्या हातून काहीतरी चुकलंय.

टेबलावर मे महिन्याची पिवळी कार्डं पसरलेली होती. वस्तीतल्या शंभर बायका, शंभर कार्डं, सगळी माझ्या अक्षरात. मूल राहू नये म्हणून प्रयोगासाठी दिलेल्या महिन्याच्या वीस गोळ्यांपैकी किती घेतल्या, पाळी कधी आली, वजन, रक्तदाब. शेवटचा रकाना तक्रारीचा. त्रेचाळीस कार्डांवर तो भरलेला होता. डोकं दुखतं, ओकारी येते, चक्कर येते, पोटऱ्या भरून येतात, छाती जड होते.

"एर्सिलिया, ह्या त्रेचाळीस बायका आपल्या पायांनी केंद्रात आल्या होत्या का सांगायला?"

"नाही डॉक्टर. मी घरी गेले तेव्हा सांगितलं."

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"हो."

"काय विचारलंत?"

"काही त्रास होतोय का, असं."

ते हसले. रागाने नाही, मास्तर हसतात तसे. म्हणाले, पोर्तो रिकोच्या बाईला त्रास होतोय का विचारलं की तिला त्रास व्हायला लागतो. गोळीने काही होत नाही, प्रश्नाने होतं. यापुढे तक्रार विचारायची नाही. आपण होऊन बोलली तर लिहा, नाही बोलली तर लिहा, 'तक्रार नाही'.

घरी येऊन बराच वेळ विचार केला. लागलं मनाला, पण ते चुकीचं बोलले असं म्हणता येत नाही. नर्सिंगच्या कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं की प्रश्नात उत्तर ठेवायचं नाही. सतरा नंबरच्या बाईला मी "डोकंबिकं दुखतं का?" असं विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "आता तुम्ही म्हणताय तर दुखतंय खरं." मी हसत हसत लिहून घेतलं. म्हणजे त्रेचाळीसपैकी एक तरी तक्रार माझी आहे. आणखी किती असतील?

कॉलेजातली दुसरी गोष्ट मात्र नेमाने पाळलीय. कार्डावर खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर खरं लिहायचं, शेजारी सही आणि तारीख.

७ जून, शुक्रवार

नव्या नियमाने पहिली फेरी. दार वाजवायचं, गोळ्या मोजायच्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा आणि मग तोंड मिटून बसायचं. बायकांना कळेना काय झालंय. दोघीतिघींनी उलट माझ्याच तब्येतीची चौकशी केली, अगदी मानाने 'दोन्या' म्हणून.

एकसष्ट नंबर, सेलेनिया. वय सत्तावीस, पाच मुलं. घरी बसून हातमोज्यांवर भरतकाम करते. एका दंडाला माझा पट्टा असतो तेव्हा दुसऱ्या हाताने मोजे सारखे करत असते. नवरा दोमिंगो उसाच्या कारखान्यावर. हंगाम संपलाय, त्यामुळे तो पायरीवर बसून असतो आणि ती त्याला ओलांडून ये-जा करते.

"दोन्या एर्सिलिया, आज तोंडाला कुलूप?"

"नियम बदललेत, बाई."

"बरं झालं. तुमचे प्रश्न म्हणजे पाद्र्यापुढे उभं राहणं. तो निदान शेवटी माफ तरी करतो."

गोळ्यांची बाटली तिने देव्हाऱ्यात ठेवलीय, कुमारी मातेच्या पायाशी. "हा माझा सहावा," म्हणाली. "रडत नाही, दूध मागत नाही, दोमिंगोपेक्षा शहाणा आहे."

"ऐकतोय मी," दोमिंगो पायरीवरून म्हणाला.

"ऐकण्यापलीकडे काय करता तुम्ही?"

पाचव्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. डॉक्टर व्हरांड्यात दोमिंगोला म्हणाले, पुढच्या खेपेला बाई वाचायची नाही. "मला नाही सांगितलं," सेलेनिया म्हणते. "दार उघडं होतं म्हणून मला कळलं." तेव्हापासून तिला एकच भीती आहे, आणि निघताना ती दर वेळी तेच विचारते. "मला यादीतून काढणार नाही ना?"

गोळी चुकवली नाहीस तर नाही, असं मी सांगते. नियम तसाच आहे. महिन्यात पाच गोळ्या शिल्लक राहिल्या तर बाई 'सोडून गेली' आणि तो नंबर दुसरीला. बाहेर छत्तीस जणी थांबल्यात.

२८ जून

या महिन्यात तक्रारी नऊ. डॉ. प्रुइट यांनी मला कॉफी दिली, स्वतःच्या हाताने.

माझी थोरली बहीण रोसाउरा हिला सांगितलं. (रेमुंदो न्यूयॉर्कला निघून गेला तेव्हापासून मी हिच्याकडेच राहते. नऊ वर्षं झाली.) ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्रेचाळिसाच्या नऊ? मग आजार तूच होतीस की गं."

मी हसले. नंतर हसू आलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार

उष्मा. चपलेचा पट्टा तुटला, तो सुतळीने बांधून बेचाळीस घरं केली. आताशा बायका मला पाणी देतात आणि गप्प बसतात. मीही गप्प. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलतं.

सेलेनियाने केनेपा फळांचा घोस माझ्या पिशवीत कोंबला. तिचं वजन वाढलंय, ते लिहिलं. आपण होऊन काही बोलली नाही. फक्त एक विचारलं.

"तुम्हाला मुलं किती, दोन्या?"

"नाहीत."

"गोळी?"

"तेव्हा गोळी कुठे होती? ऑपरेशन झालं माझं. एकोणतीस वर्षांची होते."

"तुम्ही सांगितलं होतं करायला?"

"ताप होता. गाठ होती म्हणे."

"म्हणे," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला. मी 'म्हणे' का म्हटलं? गाठ होती. डॉक्टरांनी रेमुंदोला सांगितलं आणि त्याने मला, दोन महिन्यांनी, मी आता मुलाचं बघू या म्हणाले तेव्हा. मी तापात होते, मला तेव्हा सांगून काय उपयोग होता? त्यांनी जीव वाचवला माझा. हे मी नेहमी सांगते आणि ते खरं आहे.

२ ऑगस्ट

जुलैच्या तक्रारी सहा. डॉक्टर अमेरिकेतल्या गोळीच्या कंपनीला पत्र लिहिणार आहेत. माझं नाव घालणार म्हणाले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण मन स्वस्थ नाही.

सेलेनिया दारात आली नाही. आतूनच हाक मारली, "या, उघडंच आहे." खाटेवर बसली होती, डावा पाय लांब करून, मांडीवर भरतकामाची मोठी चादर. या उष्म्यात. चादर पायाच्या बोटांपर्यंत ओढलेली. मी पट्टा बांधायला वाकले तेव्हा ती थोडी सरली आणि चादर घसरली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट होती. कातडी ताणलेली, चकचकीत, रंग जांभळट. तिने चादर इतक्या चपळाईने वर ओढली की सुई तिच्याच बोटात घुसली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

रक्तदाब नेहमीसारखा. नाडी जलद होती. ती लिहायला रकाना नाही. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, अकरा शिल्लक. एक तारखेला सुरू केल्या, आज नऊ तारीख. एकही चुकलेली नाही.

मी कार्ड हातात धरून थांबले. मुद्दाम थांबले. ती बोलेल असं वाटलं.

"आज मोजे कुणाचे गं?" शेवटी मीच म्हटलं.

"लग्नाचे. तिकडच्या एखाद्या गोरीच्या लग्नाचे." हसली. मध्येच दम घेतला. "दोन्या, मी पुढच्या महिन्याच्या यादीत आहे ना?"

"आहेस."

"मग झालं तर."

मी लिहिलं, तक्रार नाही.

नियमाने बरोबर आहे. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती, आणि हो म्हणाली असती तर ते उत्तर मीच तिच्या तोंडात घातलं असं झालं असतं. पण मग मी तिथे गेले कशाला? पाय तर माझ्या प्रश्नाने सुजला नव्हता. सोमवारी डॉक्टरांच्या कानावर घालते. रकान्यात नाही, तोंडी.

१२ ऑगस्ट, सोमवार

घातलं. ते कंपनीचं पत्र वाचत होते.

"तिने दाखवला पाय?"

"नाही. दिसला."

"तक्रार केली?"

"नाही, पण डॉक्टर, श्वासही..."

"पाच बाळंतपणं, दिवसभर बैठक, त्यात लठ्ठपणा. शिरा आहेत, दुसरं काय? पाय उशीवर ठेवायला सांगा." मग जरा मायेने, "एर्सिलिया, तुम्ही पुन्हा शोधायला लागलात."

शुक्रवारी तिच्याकडे जायचंच आहे. उशीचं तेव्हा सांगेन.

१४ ऑगस्ट, बुधवार

सेलेनिया आज सकाळी गेली. अंगणात कपडे वाळत घालायला उठली, दोन चिमटे लावले आणि छातीला हात लावून खाली बसली. दोमिंगो पायरीवरून उठून पोचेपर्यंत संपलं होतं.

मला साडेदहाला कळलं. तेव्हा मी चोपन्न नंबरच्या घरी बसून गोळ्या मोजत होते. त्या मोजून पुऱ्या केल्या. का केल्या, माहीत नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

नऊ दिवसांच्या जपमाळेतला आजचा चौथा दिवस. संध्याकाळी पाचला जाऊन बसले. बिस्किटं, चीज, चॉकलेट. थोरली मुलगी ट्रे फिरवत होती, आई फिरवायची तशीच, डोक्यावरून.

दाखल्यावर लिहिलंय, हृदय, जन्मतः कमकुवत. शव उघडून पाहिलं नाही. डॉ. प्रुइट यांनी गरज नाही म्हणून सांगितलं.

दोन्या प्रोवी माझ्या शेजारी बसली होती. वस्तीतली जुनी सुईण. सेलेनिया तिच्याच हातावर जन्मली, आणि सेलेनियाची पहिली चार मुलंही. जपाच्या मध्येच माझ्या कानाशी म्हणाली, "जन्मतः कमकुवत? हिला मी उलटी धरली तेव्हा हिच्या रडण्याने कोंबडा गप्प झाला होता. डावा पाय पाहिलात?"

"पाहिला."

"मी गेली चाळीस वर्षं पाहतेय तो पाय. बाळंतिणीला होतो. एकच पाय सुजतो, गरम लागतो. त्या बाईला उठू द्यायचं नसतं. उठली की छातीत काहीतरी जातं आणि संपतं. पण ही कुठे बाळंत झाली होती? मी तेच म्हणत बसलेय तीन दिवस. पोटात काही नाही, मांडीवर काही नाही आणि पाय बाळंतिणीचा."

मग माझ्याकडे वळून नीट पाहिलं. "तुम्ही पाहिलात म्हणता. काय म्हणाली ती?"

"काही नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

समोरच्या बायका जप म्हणत होत्या. मीही म्हणायला लागले.

२३ ऑगस्ट

काल नववा दिवस झाला. आज दोमिंगो केंद्रात आला, स्वच्छ सदरा घालून. बाटली परत द्यायला. "तुमचं औषध आहे, दोन्या. तिने जपून ठेवलं होतं, आमच्यात उगाच पडून नको." मी मोजल्या. सात.

तो थांबून राहिला. "तिने चुकवली नव्हती एकही," म्हणाला. "तेवढं लिहा. ती सारखी म्हणायची, मी चुकवत नाही म्हणून सांगा त्यांना."

सांगते म्हटलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

महिनाअखेर. कार्डं बंद करायचा दिवस. डॉक्टर आणि मी समोरासमोर बसलो, मी नंबर आणि आकडे वाचायचे, त्यांनी मोठ्या तक्त्यात भरायचे.

"एकसष्ट. दिलेल्या वीस, शिल्लक सात."

"पाचापेक्षा जास्त. सोडून गेली."

"डॉक्टर, ती वारली."

"माहीत आहे, फार वाईट झालं. पण तक्त्यात मी काय भरू? वीसपैकी सात घेतल्या नाहीत."

"तेरा तारखेपर्यंत तेरा घेतल्या. चौदाला वारली. उरलेल्या सात त्यानंतरच्या आहेत."

ते पेन टेकवून माझ्याकडे पाहत राहिले, समजूतदारपणे. "म्हणूनच. मेलेली बाई गोळी घेत नाही, म्हणजे ती प्रयोगात नाही. हृदय आधीपासूनच वाईट होतं, त्याचा गोळीशी संबंध नाही. 'मृत्यू' असा रकाना आपल्याकडे नाहीच, एर्सिलिया. आहे त्यातलं जवळचं घ्यायचं. लिहा."

मी लिहिलं. 'सोडून गेली. स्वेच्छेने.' 'स्वेच्छेने' हा शब्द छापलेलाच आहे, त्यावर फक्त खूण करायची असते. केली.

तेरा दिवस एकही न चुकवता घेतल्या तिने. सुजलेल्या पायाने उठून देव्हाऱ्यापर्यंत जाऊन. आणि मेल्यावर सात चुकवल्या.

१ सप्टेंबर, रविवार

रोसाउरा प्रार्थनेहून आली, टोपी काढत होती. मी म्हटलं, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू दवाखान्यात होतीस ना?"

"होते. आता काय त्याचं?"

"गाठ तू पाहिलीस?"

ती टोपीची पिन टोपीतच खोचत राहिली. "कसली गाठ?"

"मला गाठ होती."

"एर्सिलिया, पंधरा वर्षं झाली गं."

"होती का नव्हती?"

"ताप होता. पोट पडलं होतं, त्याचा ताप. डॉक्टर म्हणाले, पुढे पुन्हा असंच होईल, त्यापेक्षा एकदाच साफ करून टाकू. रेमुंदोने सही केली. गाठीचं त्यानेच नंतर रचलं, तुला वाईट वाटू नये म्हणून."

मी विचारलं, "आणि तू पंधरा वर्षं गप्प?"

"तू कधी विचारलं नाहीस," ती म्हणाली. मग एकदम रडायला लागली. मीच उठून तिला पाणी दिलं.

मला रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं, बस. दुपारभर झोपले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पहिल्या दारापासून सुरुवात केली. गोळ्या नंतर मोजल्या. आधी विचारलं, "काय होतंय? आणि पाय दाखवा. दोन्ही."

पहिली म्हणाली, "आता का? मध्ये नको होतं ना तुम्हाला?"

"चुकलं माझं."

तिने डोळे बारीक केले. "खरं सांगितलं तर नाव काढाल."

"मी काढणार नाही."

"तुम्ही नाही हो. तो."

त्याचा भरवसा मी देऊ शकत नाही, तसं सांगितलं. तरी ती बोलली. बोलायला लागली ती थांबेना. शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं तिला सांगतेस तर माझंही सांग, मी पीठ मळतेय!"

१२ सप्टेंबर, गुरुवार

पाच दिवसांत नव्व्याण्णव घरं झाली. पंचावन्न जणींना काही ना काही त्रास आहे. यातल्या किती माझ्या प्रश्नाच्या, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण दोघींचा एकेक पाय सुजलाय, आणि तो सुजलेला मी फीत लावून मोजलाय. फितीने कुणाच्या तोंडात काही घातलं नाही. त्या दोघींना गोळी थांबवायला सांगितलं आणि दोन्या प्रोवीला त्यांच्याकडे पाठवलं. तिने दोघींना खाटेवर झोपवून उठायची बंदी केलीय. एकीची सासू तणतणतेय, स्वयंपाक कोण करणार म्हणून. प्रोवी म्हणाली, "तू. किंवा मग जपाची बिस्किटं आणून ठेव."

सेलेनियाची धाकटी बहीण मिग्दा आज रस्त्यात भेटली. बावीस वर्षांची, चार मुलं. एकसष्ट नंबर तिला मिळालाय, डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली. मी तिला सगळं सांगितलं, पाय, श्वास, प्रोवीचं म्हणणं. माझं मौनही सांगितलं.

ती ऐकत होती. "म्हणजे गोळीनेच मेली?"

"माहीत नाही. वाटतं मला. सिद्ध करता येणार नाही."

"आणि पाचव्या पोराने मी मरेन ते सिद्ध झालंय का?" चिडली. "तुम्हाला सोपं आहे हो, दोन्या. मला दोन्हीकडून मरण दाखवता आणि म्हणता, बघ बाई. मी घेणार."

तिला चूक म्हणायची माझी छाती झाली नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

डॉ. प्रुइट यांनी आज बसायला सांगितलं नाही.

माझी यादी त्यांच्यापुढे होती. ओरडले नाहीत. म्हणाले, मला हे आधीच ओळखायला हवं होतं. तुमचं वय चव्वेचाळीस, स्वतःचं मूल नाही, शरीरात बदल होतायत, त्यात एका बाईच्या जाण्याचा धक्का. अशा वेळी बाईला जिथे तिथे आजार दिसतो. तुम्ही विश्रांती घ्या. सोमवारी नवी मुलगी येतेय, पिशवी आणि कार्डं तिच्याकडे द्या.

"दोन बायकांचे पाय सुजलेत, डॉक्टर. मोजलेत मी."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मनात पहिला विचार काय आला ते लिहिते, लाज वाटली तरी. वाटलं, खरंच वयाचं असेल का?

१४ सप्टेंबर, शनिवार

केंद्राची किल्ली सोमवारपर्यंत माझ्याकडे आहे. डॉक्टर शनिवारी किनाऱ्यावर जातात. सकाळी आठला जाऊन बसले. जून, जुलै, ऑगस्टची कार्डं काढली.

चोरी करायची नव्हती. काही फाडायचं नव्हतं, बदलायचंही नव्हतं. कार्डं माझ्या अक्षरात आहेत, आणि माझ्या अक्षरात जे खोटं आहे ते दुरुस्त करायचं माझं काम आहे. 'तक्रार नाही' हे मला माहीत नव्हतं. तरी लिहिलं. त्या शब्दांवर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर दोन शब्द, सही, तारीख. दोन शब्द हेच: विचारलं नाही.

तीनशे कार्डांपैकी दोनशे अठ्ठ्याहत्तर.

बाराला रोसाउरा डबा घेऊन आली. त्या रविवारपासून आम्ही कामापुरतंच बोलतो. तिने दारातून पाहिलं, काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "आधी जेव." मग हात धुऊन समोर बसली आणि मी लिहिलेलं एकेक कार्ड टिपकागदाने टिपायला लागली. तासभर नुसता कागदाचा आवाज. ऐंशीच्या पुढे माझं मनगट भरून आलं. दीडशेनंतर अक्षर बिघडलं. ती म्हणाली, "सही मी करू?" मी म्हटलं, "नको गं, ती माझीच हवी." तिने मान हलवली.

कंपनीला हे कळेल असं नाही. कदाचित नवी मुलगी नवीन कार्डं लिहून काढेल. पण तिला ती लिहून काढावी लागतील.

एकसष्ट शेवटी घेतलं. ऑगस्ट. आधी 'सोडून गेली, स्वेच्छेने' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'चौदा तारखेला वारली. तोपर्यंत एकही चुकवली नाही.' दोमिंगोला शब्द दिला होता. मग तक्रारीचा रकाना. तिथे दोन शब्दांनी भागेना. लिहिलं, 'पाय पाहिला. विचारलं नाही.'

रोसाउराने ते टिपलं, वाचलं आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं. मग म्हणाली, "चल, भात निवला."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दहाबारा दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. शाळेत शिवणाच्या बाईंच्या जागी बदली काम मिळतंय. खाटेवर झोपवलेल्या दोघींपैकी एकीची सूज उतरली. दुसरीची उतरतेय.

नवी मुलगी चांगली आहे, हुशार, तेवीस वर्षांची. विचारत नाही.

आज दुपारी चारला मिग्दा आली. मी बोलवलं नव्हतं. दारातच उभी राहून स्कर्ट गुडघ्यापर्यंत उचलला. "घ्या, बघा. पहिली बाटली संपत आलीय." हातात शिवणाची फीत होती, पिवळी, मधे शाईचा डाग. सेलेनियाची भरतकामाची टोपली आता तिच्याकडे आलीय. "तिचीच आहे. तुमची दरवेळी शोधत बसायला नको."

मी खाली बसून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सारख्या होत्या. "आणखी काय होतंय?" विचारलं. तिने सांगितलं, मी शाळेच्या वहीत लिहून घेतलं. तारीख घातली.

"झालं?" ती म्हणाली. "मग सरका जरा. पायरीवर अजून चौघी बसल्यात, आणि ऊन आहे."